मूळ शब्द पाहावा, पण वाक्यासकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायावरील टिपण वाचले. पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी येशू आपला शिष्य पेत्र याला ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारतो, त्या प्रसंगावर ते बेतलेले आहे. टिपणकारांचे म्हणणे थोडक्यात असे : मूळ ग्रीकमध्ये येशू पहिल्या दोन वेळा ‘अगापाओ’ हे क्रियापद वापरतो आणि पेत्र दरवेळी ‘फिलेओ’ने उत्तर देतो, पहिले क्रियापद निरपेक्ष, दैवी प्रीतीचे, तर दुसरे साध्या मैत्रीतल्या जिव्हाळ्याचे, तिसऱ्या वेळी येशू स्वतःच ‘फिलेओ’ वापरून पेत्राच्या पायरीवर उतरतो. भाषांतरात हे सारे हरवते, म्हणून मुळाकडे गेले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मुळाकडे गेले पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. तिथे पोहोचल्यावर काय पाहायचे, याबाबत मात्र माझे टिपणकारांशी जमत नाही, आणि हा मतभेद एका वचनापुरता नसल्याने जरा विस्ताराने लिहीत आहे.

मी पाळक नाही, ग्रीकचा प्राध्यापकही नाही. व्याकरणाचे पुस्तक आणि शब्दकोश शेजारी घेऊन, उतारवयात नव्या कराराचे ग्रीक लावायला शिकलेला एक वाचक आहे. सुरुवातीला मीही हाच प्रसंग, याच पद्धतीने, मोठ्या उत्साहाने इतरांना समजावून सांगत असे. तेव्हा पुढील टीकेचा निम्मा वाटा माझ्याच पदरात पडतो.

दोन क्रियापदे आलटूनपालटून येतात, ही गोष्ट खरीच आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या अर्थात टिपणकार म्हणतात तेवढे अंतर आहे का, हा. त्यासाठी शब्दकोशाच्या आधी योहानाचेच पुस्तक चाळावे. पित्याची पुत्रावर प्रीती आहे, हे वाक्य या शुभवर्तमानात दोनदा येते : तिसऱ्या अध्यायाच्या पस्तिसाव्या ओवीत ‘अगापाओ’ आणि पाचव्या अध्यायाच्या विसाव्या ओवीत ‘फिलेओ’. ज्याच्यावर येशूची प्रीती होती तो शिष्य तेराव्या अध्यायात एका क्रियापदाने येतो आणि विसाव्यात दुसऱ्या. आजारी लाजराच्या बहिणी येशूला निरोप पाठवतात तेव्हा ‘फिलेओ’ आहे, आणि दोनच ओव्यांनंतर येशूच्या त्याच प्रीतीबद्दल निवेदक ‘अगापाओ’ लिहितो. उलट दिशेने पाहिले तर, माणसांना प्रकाशापेक्षा अंधाराची आवड होती (३:१९), तिथे ‘अगापाओ’च आहे, आणि अंधाराच्या आवडीला दैवी प्रीती म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करणाऱ्या अम्नोनाच्या वासनेलाही हेच क्रियापद लावले आहे (२ शमुवेल १३). शब्द अंगभूतच पवित्र असता तर तो तिथे टिकला नसता.

शिवाय त्याच तीन ओव्यांत आणखी काय बदलते तेही पाहावे. येशू एकदा ‘कोकरे’ म्हणतो, मग ‘मेंढरे’. एकदा ‘चार’ म्हणतो, मग ‘पाळ’. पेत्राच्या तिसऱ्या उत्तरात ‘तुला सर्व ठाऊक आहे’ आणि ‘मी तुझ्यावर प्रीती करतो हे तू जाणतोस’ अशी जाणण्याची दोन वेगवेगळी क्रियापदे लागोपाठ येतात. हा लेखक एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की दुसरा उचलतो. ती त्याची लकब आहे. आपणही एका परिच्छेदात ‘प्रेम’, ‘प्रीती’ आणि ‘माया’ असे फिरवून लिहितो, आणि त्यांतले श्रेष्ठ कोणते असे कोणी विचारले तर गडबडतो. कोकरे आणि मेंढरे यांतल्या फरकावर टिपणकारांनी काही लिहिलेले नाही. मग प्रीतीच्या दोन क्रियापदांवरच एवढी इमारत का उभारावी?

हा भेद मानणारे विद्वान झालेच नाहीत असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातील ट्रेंच आणि वेस्टकॉट या दोघा इंग्रजीभाषक पंडितांनी तो मानला होता, आणि दोघांचे ग्रीक माझ्यासारख्याच्या कैक पटींनी चांगले होते. पण वेस्टकॉट यांना ‘अगापाओ’ हे वरच्या पायरीचे वाटले, तर ट्रेंच यांना ते या प्रसंगी जरा थंड वाटले आणि पेत्राने मुद्दाम अधिक उबदार शब्द निवडला असे वाटले. एकाच पानावरून दोघे अगदी विरुद्ध टोकांना गेले. लेखकाला हा भेद खरोखर दाखवायचा असता, तर त्याने वाचकाला इतके निराधार सोडले नसते, असे मला वाटते.

आता याच प्रसंगात भाषेकडे नीट पाहिल्यावर जे खरोखर हाती लागते, ते टिपणात आलेलेच नाही. किनाऱ्यावर उतरताच शिष्यांना कोळशाचा विस्तव पेटलेला दिसतो. त्यासाठीचा ग्रीक शब्द, ‘अन्थ्राकिया’, सबंध नव्या करारात फक्त दोन ठिकाणी येतो : इथे, आणि अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्र ज्या विस्तवाजवळ शेकत उभा होता आणि येशूला ओळखत नसल्याचे सांगत होता तिथे. तिथे तीन नकार, इथे तीन प्रश्न. पेत्र दुःखी का झाला, याचे कारण निवेदक स्पष्टच देतो : येशूने तिसऱ्यांदा विचारले म्हणून. क्रियापद बदलले म्हणून असे तो म्हणत नाही. त्याचा भर ‘तिसऱ्यांदा’वर आहे. संबोधनही पाहण्याजोगे आहे. निवेदक त्याला ‘शिमोन पेत्र’ म्हणतो, पण येशू तिन्ही वेळा ‘शिमोना, योहानाच्या पुत्रा’ अशी हाक मारतो. पहिल्या भेटीत (१:४२) याच नावाने ओळखून त्याने त्याला खडक या अर्थाचे नवे नाव दिले होते. आता ते नाव काढून घेतल्यासारखे झाले आहे, आणि संभाषण जणू पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. पहिल्या प्रश्नातील ‘ह्यांच्यापेक्षा अधिक’ हे शब्दही असेच आहेत. हे शिष्य करतात त्यापेक्षा अधिक, की या शिष्यांवर तू करतोस त्यापेक्षा अधिक, की ही जाळी आणि होडी यांच्यापेक्षा अधिक? ग्रीक सर्वनामाचे रूप तिन्ही अर्थ पेलते. पेत्र उत्तर देताना तुलनेचा भाग मुकाट्याने गाळतो. एके काळी सगळ्यांच्या पुढे जाऊन ‘मी तुझ्यासाठी प्राण देईन’ म्हणणारा हाच माणूस. त्याचे हे गाळणे मला दोन क्रियापदांच्या सगळ्या चर्चेपेक्षा अधिक बोलके वाटते.

म्हणजे शब्दांवर भर देऊच नये असे का? तसे मुळीच नाही. त्याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम या यहूदी पुढाऱ्याशी झालेले येशूचे संभाषण एका शब्दाच्या दुहेरी अर्थावरच उभे आहे. ‘आनोथेन’ जन्मल्याशिवाय देवाचे राज्य पाहता येत नाही, असे येशू म्हणतो. या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा, नव्याने’ असाही होतो आणि ‘वरून’ असाही. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा शिरणार, असे विचारतो. पुढे त्याच अध्यायात ‘जो वरून येतो तो सर्वांच्या वर आहे’ या वाक्यात तोच शब्द निःसंदिग्धपणे ‘वरून’ या अर्थाने येतो. येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात याच्यासमोरच्या संभाषणात पुन्हा तसाच. शाळेत आपण ज्याला श्लेष म्हणायला शिकलो तोच हा अलंकार आहे. मराठी भाषांतरकाराला दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्द मिळत नाही, म्हणून तो ‘नव्याने’ लिहितो, आणि निकदेमाचा घोटाळा मराठी वाचकाला निव्वळ मंदपणा वाटू लागतो. थोड्याच ओव्यांनंतर वाऱ्याचा दृष्टान्त येतो, तिथेही तसेच : ‘प्नेउमा’ म्हणजे वाराही आणि आत्माही. आपल्याकडे ‘प्राण’ आणि ‘वायू’ यांचे नाते जुने असल्याने ही जोडी कानाला फार परकी वाटू नये; तरी भाषांतरात वारा एकीकडे आणि आत्मा दुसरीकडे असे दोन शब्द करावेच लागतात.

मग अर्थाचा भेद इथे मानायचा आणि तिथे मानायचा नाही, हे ठरवायचे कशाने? माझी कसोटी साधी आहे. निकदेमाच्या प्रसंगात पात्र त्या शब्दावर अडखळते, प्रश्न विचारते, आणि पुढचे संभाषण त्या अडखळण्यातूनच निघते. मजकूर स्वतः त्या शब्दाकडे बोट दाखवतो. एकविसाव्या अध्यायात क्रियापदाच्या बदलाकडे कोणीही बोट दाखवत नाही, ना पेत्र, ना निवेदक.

व्युत्पत्तीचेही तेच. मंडळीसाठीचा ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ हा ‘बाहेर’ आणि ‘बोलावणे’ यांपासून झाला, म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक, हे विवेचन अनेक उपदेशांतून ऐकू येते. त्याचा आशय चांगला असेल; पण प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील नाट्यगृहात आरडाओरडा करणाऱ्या, आणि आपण कशासाठी जमलो हेही धड ठाऊक नसलेल्या जमावालाही हाच शब्द लावला आहे. बोलणाऱ्याच्या मनात शब्दाची फोड असतेच असे नाही. ‘कुशल’ हा शब्द कुश नावाचे गवत खुडण्यावरून आला आणि ‘प्रवीण’ वीणावादनावरून, असे सांगतात. पण प्रवीण शल्यविशारदाला कोणी वीणा वाजवायला सांगत नाही. १९६१ साली जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने बायबलच्या अभ्यासातील या सवयीवर कठोर टीका केली आणि अर्थ सुट्या शब्दात शोधण्याऐवजी वाक्यात शोधावा असे बजावले. ती टीका अभ्यासकांनी बव्हंशी स्वीकारली. व्यासपीठांवर ती अजून पोहोचायची आहे.

काही ठिकाणी तर वापर पाहण्याचा मार्गच खुंटतो. प्रभूच्या प्रार्थनेत ‘रोजची भाकर’ असे आपण ज्याचे भाषांतर करतो, तो ‘एपिऊसिओस’ हा शब्द इतका दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकात ग्रीक हीच ज्याची भाषा होती त्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानेही शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा असे म्हटले. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘अस्तित्वापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द घातला आणि लूकात ‘दररोजची’. एकच माणूस, एकच शब्द, दोन भाषांतरे. अशा जागी ‘खरा अर्थ असा’ म्हणून ठासून सांगणाऱ्याकडे मी संशयाने पाहतो.

मूळ भाषा शिकणे सर्वांना शक्य नाही, हे उघड आहे. पण मराठी वाचकाच्या हातात एक हत्यार आधीपासून आहे आणि ते बहुधा म्यानातच राहते. आजच्या इंग्रजीत एकवचनी आणि अनेकवचनी ‘तू-तुम्ही’ एकाच रूपात मिसळून गेले आहेत. ग्रीक आणि हिब्रूप्रमाणे मराठीत ते वेगळे आहेत. लूकाच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिमोनाला सांगतो की सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळण्यासाठी मागून घेतले आहे, पण मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. ‘तुम्हांला’ म्हणजे सगळ्या शिष्यांना, ‘तुझ्यासाठी’ म्हणजे एकट्यासाठी, आणि त्याने पुढे आपल्या भावांना स्थिर करायचे आहे. इंग्रजी वाचकाला हे तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याला ते ओळीतच दिसते, पाहिले तर. निकदेमाशीही तसेच : ‘मी तुला सांगितले’ म्हणता म्हणता येशू ‘तुम्हांला नव्याने जन्मले पाहिजे’ असे अनेकवचनावर जातो, कारण निकदेमही ‘आम्हांला ठाऊक आहे’ असे म्हणतच आला होता.

पण हेच हत्यार उलटतेही, कारण मराठी ‘तुम्ही’ आदरार्थीही आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावी ओवी, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, या आशयाची, भेटकार्डांवर आणि दिनदर्शिकांवर हमखास असते. वाचणाऱ्याला वाटते, देव आपल्याशी अदबीने, वैयक्तिक बोलतो आहे. मुळात ते अनेकवचन आहे : बाबेलात नेलेल्या बंदिवानांच्या सबंध समुदायाला लिहिलेल्या पत्रातील एक वाक्य. त्याच पत्रात त्यांना तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा असे सांगितले आहे, आणि आदल्याच ओवीत सत्तर वर्षांचा वायदा आहे. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आशा आहे, पण ती नातवंडांच्या पिढीची आहे. कार्डावर हे बसत नाही, हे मला समजते.

आदरार्थी रूपांचा प्रश्न आणखी खोल आहे. ग्रीकमध्ये पिलात येशूला, येशू पिलाताला, मुलगा आईला, सगळे एकमेकांना ‘तू’च म्हणतात, मराठीत मात्र भाषांतरकाराला प्रत्येक तोंडी तू, तुम्ही की आपण हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवणे हाच अर्थाचा निर्णय असतो. योहानाच्या चौथ्या अध्यायातील, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतली स्त्री पहिल्याच वाक्यात, तू यहूदी असून माझ्यासारखीजवळ पाणी कसे मागतोस, असे विचारते. तिच्या तोंडी लगेच ‘आपण’ घातले तर त्या वाक्याची धार जाते; ‘तू’ घातले तर मराठी कानाला ते उद्धट वाटते, आणि कदाचित ते थोडे तसे असावेही. पुढे ती ‘किरिए’ असे म्हणू लागते. त्याचा अर्थ ‘महाराज’ही होतो आणि ‘प्रभू’ही. तिसऱ्यांदा ते संबोधन वापरताना ती ‘आपण संदेष्टे आहात असे मला दिसते’ या अर्थाचे वाक्य बोलते. तिचा हा चढत जाणारा आदर दाखवण्याची सोय मराठीकडे आहे, ग्रीकपेक्षाही जास्त, पण पहिल्या वाक्यापासूनच सगळी अदब खर्च केली तर चढायला जागा उरत नाही.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद तर ग्रीकमध्ये नाहीच. वादळात शिष्य झोपलेल्या येशूला उठवतात तेव्हा मुळात फक्त ‘बुडतो आहोत’ एवढेच क्रियापद आहे. ‘आपण बुडतो आहोत’ म्हटले तर येशूही त्या होडीत, त्याच संकटात आहे; ‘आम्ही’ म्हटले तर तो बाहेर उभा आहे. मार्कात शिष्यांचा सूर तक्रारीचा आहे, तुला काळजी नाही का असा, तिथे मला ‘आपण’ योग्य वाटते. मत्तयात तेच शिष्य ‘प्रभू, वाचव’ असे म्हणतात, आणि वाचवणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ म्हणणे तिथे स्वाभाविक आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणले आणि ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले; त्या कामात अशी किती सर्वनामे त्यांना एकेका रात्री अडवून बसली असतील याचा विचार मी अनेकदा करतो.

अध्याय आणि ओव्यांच्या आकड्यांविषयीही दोन शब्द. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. नव्या करारातील ओव्यांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातलेले. मूळ लेखकांचा त्यांच्याशी संबंध नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आदाम आणि त्याची स्त्री ‘अरुम्मीम’, म्हणजे उघडी होती. लगेच पुढच्या वाक्यात साप ‘अरुम’, म्हणजे धूर्त होता. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानात हे दोन शब्द एकमेकांवर आपटतात. आपण मात्र मध्ये नवा अध्याय आला म्हणून पुस्तक मिटतो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या अध्यायापासून वाचायला बसतो.

टिपणकारांबद्दल मला आदर आहे. वृत्तपत्रात मूळ ग्रीक शब्दाची चर्चा व्हावी, ही गोष्ट सुखावणारी आहे. म्हणूनच आपल्याला एक विनंती करावीशी वाटते. असे लेखन छापताना, ज्या मूळ शब्दाचा अर्थ सांगितला आहे तो त्याच पुस्तकात आणखी कोठे आला आहे याचे निदान दोन दाखले लेखकाकडून मागून घ्यावेत, आणि जे वचन चौकटीत छापायचे त्याच्या मागची आणि पुढची ओवीही त्याच चौकटीत द्यावी. जागा थोडी जास्त लागेल. यिर्मयाच्या बाबतीत तर चौकट बरीच मोठी करावी लागेल.

आपला विश्वासू,
एक वाचक